चिमटाबाईची निवडलेली पानं

माझी धाकटी जाऊ बावीस वर्षं गव्हाची पानं मोजत होती. हे सांगितलं की लोक हटकून विचारतात, मग किती झाली? मी उत्तर देत नाही. पानं मोजणं म्हणजे एक-दोन-तीन नव्हे हे कळायला फार डोकं लागत नाही, पण असलेलं वापरायची तसदी कोण घेतो? म्हणून काम काय ते आधीच सांगून टाकते.

ती शेतीच्या संशोधन केंद्रात नोकरीला आहे. तिच्याकडे मुठीत मावेल एवढं एक यंत्र असायचं. त्याचं तोंड कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखं. गव्हाचं पान त्या तोंडात धरायचं, दाबायचं, की ते टिक् करतं आणि पानात हिरवेपणा किती आहे त्याचा आकडा दाखवतं. अशी तीस पानं घ्यायची आणि सरासरी काढायची. हिरवेपणा कमी पडला तर पिकाला नत्र हवं आहे, युरिया द्या. पुरेसा असला तर देऊ नका, पोतं घरात राहू द्या. या यंत्रावरून तिला केंद्रात सगळे चिमटाबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि तिला ते चालायचं.

आता, पुरेसा म्हणजे किती, हे त्या यंत्राला ठाऊक नसतं. ते माणसांनी ठरवायचं. त्यासाठी केंद्रात वाफे आखतात. एका वाफ्याला युरिया अजिबात नाही, पुढच्याला थोडा, त्याच्या पुढच्याला जास्त, असे चढत जातात. पानं मोजतात, कापणीनंतर धान्य तोलतात, आणि कोणत्या आकड्यापुढे खत वाढवलं तरी धान्य वाढत नाही ते शोधतात. तो आकडा म्हणजे उंबरठा. या केंद्राचा उंबरठा त्रेचाळीस ठरला. त्रेचाळीसच्या खाली असाल तर खत द्या, वर असाल तर हात आवरा. केंद्राच्या साहेबांनी त्याचं एक जाड, खिशात मावणारं कार्ड छापलं, शेतकऱ्यांच्या गटांना यंत्रं वापरायला दिली, आणि जिल्हाभरात गहू त्या त्रेचाळीसवर चालू लागला. आणि हे त्रेचाळीस ज्या पानांवरून आले ती सगळी माझ्या जावेच्या बोटांतून गेलेली.

तिच्या बोटांविषयी सांगायला हवं. आम्ही एकाच घरात राहतो, मी खाली, ती आणि माझा दीर वर, त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही. ती शेंगा निवडायला बसली की निम्म्या शेंगा नापास होतात. भाजीवाला तिला लांबून पाहिलं की टोपलीवर हात आडवा धरतो. कपड्यांची घडी तिला कोपऱ्याला कोपरा लागेस्तोवर सुटत नाही. आळशी माणसाला असा स्वभाव म्हणजे शिक्षा वाटेल, पण प्रयोगाच्या कामात त्याला सोन्याचं मोल. तिच्यासोबत आणखी दोघं मोजणीला होते. त्यांचे आकडे म्हणजे शाळा सुटल्यावरची पोरं, एक इथे तर एक तिथे. हिची तीस पानं कवायतीला उभी असल्यासारखी: त्रेचाळीस, चव्वेचाळीस, त्रेचाळीस. उंबरठा ठरवायची वेळ आली तेव्हा साहेबांनी त्या दोघांचे आकडे बाजूला ठेवले आणि हिचे तेवढे घेतले. भर सभेत म्हणाले, हात असावा तर असा. तिने ते घरी येऊन सांगितलं नाही, मला दिराकडून कळलं. पण त्या आठवड्यात ती जिना चढताना गुणगुणत होती.

मागच्या हंगामात तिच्या थोरल्या भावाचा फोन आला. त्याचं शेत गाडीने दोन तासांवर आहे. त्याच्या गटाला केंद्राचं यंत्र मिळालं होतं आणि कार्ड तर घरचंच.

"तुझा गहू झोपलाय," तो म्हणाला. "बघायला ये."

"माझा कसा?"

"कार्ड तुझं म्हणजे गहूही तुझाच."

रविवारी ती गेली. ओंब्या भरत आलेला गहू सपाट आडवा पडला होता, हत्ती लोळून गेल्यासारखा. आडवा पडलेला गहू भरत नाही, दाणा चिमटतो, खालून कुजतो. आणि युरिया जास्त झाला की हेच होतं: पीक भराभर वाढतं, काडी लुसलुशीत राहते, वारा आला की मान टाकते.

"वाऱ्याने पाडला," ती म्हणाली.

"वारा शेजाऱ्याच्या शेतातून आला. त्याचा उभा आहे."

"मग तू युरिया जास्त टाकलास."

"कार्डाबरहुकूम टाकला. ओंबी पोटरीत यायच्या आधी मोजला, चाळीस आला. त्रेचाळीसच्या खाली. दिला."

"या जमिनीत, या गव्हाला चाळीस इतका कमी येणारच नाही, दादा."

"मग काय यंत्र ढोसून आलं होतं?"

शेताच्या एका कोपऱ्यात चार ओळी ताठ उभ्या होत्या. पोतं तिथवर येऊन संपलं होतं, त्या ओळींना तो शेवटचा युरिया मिळालाच नव्हता. न मिळालेला उभा आणि मिळालेला आडवा, याहून स्वच्छ पुरावा मी तरी कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाहिला नव्हता. तिने त्या चार ओळींत यंत्र लावलं. तीस पानं. त्रेचाळीस आला. तिने भावाकडे पाहिलं. भावाने तिच्या हातातून यंत्र घेतलं, त्याच चार ओळींतून चालत गेला, तीस पानं मोजली. चाळीसला थोडं कमी.

"तू कसलीही पानं घेतोस," ती म्हणाली.

"तुझ्या कार्डावर लिहिलंय. चालता चालता कोणतीही तीस पानं घ्या. वाचता येतं मला. आता तू परत घे, मी बघत उभा राहतो."

ती वाकली. तिचा हात तीन पानांवरून पुढे गेला आणि चौथ्यावर थांबला.

"थांब," भाऊ म्हणाला. "या तिघांनी तुझं काय घोडं मारलं?"

"पहिलं फाटकं आहे. फाटकं घ्यायचं नसतं, तसा नियमच आहे."

"बरं. आणि ही दोन?"

"ती जरा फिकट आहेत."

"अगं, फिकट आहेत की नाही तेच मोजायचं होतं ना?"

घरी तिच्या वहिनीने जेवायला वाढलं होतं, ती दोन घास खाऊन निघाली.

संध्याकाळी ती वर न जाता सरळ माझ्या स्वयंपाकघरात आली आणि पाटावर बसली. सगळं सांगितलं. मग म्हणाली, "जाऊबाई, मी मुद्दाम नाही केलं."

"ते मला माहीत आहे. पण झालं किती ते सांग."

तिने सांगितलं, आणि मी ते दोनदा वदवून घेतलं, कारण चूक अशी होती की पहिल्या ऐकण्यात ती चूकच वाटत नाही. नियम असा की फाटकं, रोगट, चिखल लागलेलं पान घेऊ नये. योग्यच आहे. पण वर्षानुवर्षं तेच करताना तिचा हात फाटक्यावरून फिकट्यावर गेला, फिकट्यावरून जरा कमी चांगल्यावर. प्रत्येक वाफ्यातली राजबिंडी पानं तेवढी तिच्या चिमट्यात आली. म्हणून तिचे आकडे असे सारखे, आणि म्हणून ते असे उंच. खरा उंबरठा चाळीसच्या आसपास असेल, तिच्या हातून तो त्रेचाळीस झाला. आता शेतकरी प्रामाणिकपणे हाताला येईल ते पान मोजतो, त्याला चाळीस मिळतात, कार्ड म्हणतं कमी आहे, तो खत देतो, आणि पोट भरलेल्या पिकाला आणखी जेवायला वाढतो. ज्या गुणासाठी तिचे आकडे निवडले, त्याच गुणाने ते नासलेले. मला राग आला. कोणाचा, ते ठरवता येईना.

"साहेबांना सांग," मी म्हटलं. "उद्याच."

"कार्डाची दुसरी छपाई पेरणीआधी निघते आहे. पहिलीच्या दहापट."

"म्हणूनच म्हटलं उद्या. परवा नव्हे."

तेवढ्यात माझा दीर खाली आला. तो शिंपी आहे, दुकान बंद करून टेप गळ्यातच ठेवून घरी येतो. त्याने जिन्यावरून सगळं ऐकलं होतं.

"वहिनी, तुम्ही तिला भरीला घालू नका," तो म्हणाला. "मापात थोडी सूट ठेवावीच लागते. अंगाबरोबर शिवलं तर माणसाला श्वास घेता येत नाही."

"सूट किती ठेवली ते तुला माहीत असतं," मी म्हटलं. "हिला माहीत नाही."

"नोकरीची दोन वर्षं राहिली आहेत तिची. बावीस वर्षांत कोणी विचारलं नाही, आता कोण विचारणार आहे?"

"दादाने विचारलं," ती म्हणाली, आणि वर गेली.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सांगितलं नाही. मी तिच्याशी दोन दिवस धड बोलले नाही, तेही इथे कबूल करते. पण ती गप्प बसली नव्हती. केंद्रातले उशिरा पेरलेले वाफे अजून हिरवे होते. तिने एक दोरी घेतली, तिला हातभर अंतरावर तीस गाठी मारल्या, आणि ती दोरी प्रत्येक वाफ्यात आडवी टाकायला लागली. आधी नेहमीसारखी तीस पानं मोजायची, मग दोरीवरची: गाठीला जे झाड लागेल त्याचं वरचं पूर्ण उघडलेलं पान, कसंही असो, घ्यायचं. आठवडाभर हेच. ती म्हणाली, गाठीजवळ वाकलं की हात आपोआप शेजारच्या झाडाकडे जातो, आणि त्याला डाव्या हाताने धरून परत आणावं लागतं. ती हे हसत सांगत होती. मला हसू आलं नाही.

आठवड्याच्या शेवटी तिने दिराच्या दुकानातल्या खाकी कागदावर दोन रांगा मांडल्या. भरपूर खत दिलेल्या वाफ्यांत दोन्ही मोजण्यांत फरक जेमतेम एकाचा. मधल्या वाफ्यांत तीन, साडेतीन. आणि खत न दिलेल्या, उपाशी वाफ्यांत पाचाच्या वर.

तो कागद घेऊन ती साहेबांसमोर उभी राहिली. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी तिला बसायला सांगितलं, कागद नीट वाचला, आणि विचारलं, "तुमची तब्येत बरी आहे ना?"

"तब्येत बरी आहे, साहेब. आकडा बरा नाही."

मग त्यांनी आकडेमोड करणाऱ्या मुलीला बोलावलं. ही दोन वर्षांपूर्वी आलेली, सडपातळ, सगळे तिला गणितवाली म्हणतात. तिने कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "बाई, मी मागच्याच वर्षी विचारणार होते, तुमची तीस पानं इतकी सारखी कशी? शेत एवढं शहाण्यासारखं वागत नाही. मग वाटलं, हात मुरलेला आहे, आपण कोण विचारणारे."

"विचारायचं होतंस," माझी जाऊ म्हणाली.

"हो. विचारायला हवं होतं."

साहेब म्हणाले, "मग जेवढा फरक आहे तेवढा वजा करू. त्यात काय एवढं?"

"कोणता वजा करायचा, सर? एक, साडेतीन की पाच? वाफा जितका उपाशी तितकं यांनी चांगलं पान जास्त शोधलंय." मग गणितवाली जावेकडे वळली. "बाई, हे कधीपासून? पहिल्या वर्षीही असंच निवडत होतात?"

हे उत्तर जावेला आलं नाही. घरी येऊन ती मला परत परत तेच सांगत होती. "साहेब रागावले असते तरी चाललं असतं, पण ती पोरगी वही उघडून बसली होती आणि मला सांगता येईना." पहिल्या वर्षी? दहाव्या? जे माणूस जाणूनबुजून खोटं लिहितं त्याला निदान तारीख ठाऊक असते. हिच्यापाशी तेही नव्हतं. बावीस वर्षांच्या वह्या कपाटात रांगेने उभ्या, आणि कोणत्या वहीपासून विश्वास ठेवायचा ते त्या लिहिणारीलाच माहीत नाही.

"छपाई थांबवा, साहेब," ती शेवटी म्हणाली.

तेव्हा साहेबांनी जे सांगितलं ते मला अजून खोडता आलेलं नाही. ते म्हणाले, "थांबवली तर लोक काय करतील? पूर्वीसारखी डोळे मिटून पोती ओततील. तुमच्या चुकलेल्या त्रेचाळीसनेही ते त्याहून कमीच ओतत होते. चुकीचं कार्ड बरं की काहीच नसणं बरं, हे तुम्ही मला सांगा."

"माझ्या भावाचा गहू आडवा झाला."

"आणि ज्यांचा नाही झाला ते मला फोन करत नाहीत."

शेवटी कार्ड निघालं. त्रेचाळीसच्या जागी चाळीस छापलं. मागे गाठींच्या दोरीचं चित्र टाकलं. चाळीस कशावरून, असं मी जावेला विचारलं, तर ती म्हणाली, गणितवालीने खूप मांडामांड केली आणि शेवटी म्हणाली, अंदाज. खरा आकडा दोन हंगाम नव्याने मोजल्यावर कळेल. ते मोजायला साहेबांनी दोन नवीन मुली घेतल्या, ज्यांनी गव्हाचं पान कधी जवळून पाहिलेलं नाही. त्यांना काय चांगलं ते कळत नाही, हीच त्यांची पात्रता.

"राग मानू नका, बाई," साहेब म्हणाले होते. "तुमच्या डोळ्यांना दिसतं. मला न दिसणारे हवेत."

आता ती धान्य तोलायच्या खोलीत बसते. पंख्याला बंदी, कारण वाऱ्याने काटा हलतो. घाम पुसत पिशव्या तोलते आणि चिठ्ठ्या लावते. चिमटाबाई हे नाव मात्र कोणी बदललं नाही, आणि आता ते तिला चालत नाही. मी तिला म्हटलं, तू स्वतःहून सांगितलंस, लपवलं असतंस तर? ती म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही सांग म्हणालात तेव्हा मला वाटलं होतं, सांगितलं की बरोबर आकडा मिळेल. सांगितलं, आणि होता तो गेला." दीर म्हणतो, मी सांगितलं होतं.

या हंगामात तिच्या भावाने पुन्हा गहूच पेरला. पोटरीत यायच्या आधी त्याने फोन केला. ती माझ्याकडेच बसली होती, फोन मोठ्या आवाजावर होता.

"दोरी टाकून मोजला," तो म्हणाला. "एक्केचाळीस आला. जुनं कार्ड म्हणतं दे, नवं म्हणतं देऊ नको. तू काय म्हणतेस?"

तिने फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"ऐकू येतंय का?"

"येतंय. बहुतेक नको देऊस, दादा."

"बहुतेक?"

"चाळीस हाही अंदाज आहे. तो खाली चुकला असला तर तुझा गहू उपाशी राहील. दाणा कमी भरेल."

"म्हणजे दिला तर झोपेल आणि नाही दिला तर उपाशी मरेल. मधलं काही आहे का?"

"आहे. ते दोन हंगाम मोजून झाल्यावर कळेल."

मग तो म्हणाला, "लहानपणी तू मला झाडावरचा आंबा खालून बघून सांगायचीस, पिकलाय की नाही. बहुतेक हा शब्द तुझ्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकतो आहे." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. "ऐक. अर्ध्या शेताला देतो, अर्ध्याला नाही. अर्धं तुझ्या बहुतेकला आणि अर्धं माझ्या नशिबाला. तू येऊन दोन्ही बघत जा."

ती दर रविवारी जाते. गाडीत तिच्या पिशवीत दोरी असते. यंत्र भावाच्या गटाचं. पानं भाऊ धरतो, ती फक्त दोरी टाकते आणि आकडे लिहून घेते. गहू अजून उभा आहे, दोन्हीकडचा. मागच्या रविवारी वारा होता तेव्हा ती शेताच्या कडेला तासभर उभी होती, असं तिच्या भावाने दिराला सांगितलं. काल ती परत आली तेव्हा मी दारातच विचारलं, काय आला? खत दिलेल्या अर्ध्यात त्रेचाळीस, न दिलेल्यात बेचाळीस.

"म्हणजे न देऊनही चाललं असतं," मी म्हटलं.

"एकाच्या फरकाने काही ठरत नाही, जाऊबाई," ती म्हणाली. "धान्य तोलल्याशिवाय नाही."

मी चहा टाकला होता. ती वर निघून गेली.